मगनसरांचा नंबर

गेल्या तीन वर्षांत मगन पावराच्या हाती गोष्टीचा असा एकही गेम आला नव्हता, ज्याचा शेवट त्याला आधीच ठाऊक नव्हता.

मित्रच कळवत. भिशीतली डिस्क लोणखेड्याहून निघून धडगावला त्याच्याकडे यायला चार-पाच महिने लागत. शेवट मात्र आठवड्याभरात पोचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर योगेंद्र लिही, ‘मगन, डॉक्टरच गद्दार शे बरं का!’ आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, ओळीने सहा. पुढच्या वर्षी लिहिलं, ‘कुत्रं मरी जास शेवटले. तुले आधीच सांगी ठेवस, म्हणजे तुले वाईट वाटाव नही.’ मगन त्यावर अंगठा टाकायचा. दुसरं काय टाकणार?

आणि हा माणूस शिकवतो गणित. धडगावपासून मोलगीच्या रस्त्याला जी आश्रमशाळा आहे, तिथं सतरा वर्षं. मुलांच्या गाइडांची मागची उत्तरांची पानं तो जूनमध्येच पिना मारून बंद करून टाकतो. कुणी म्हणालंच, “सर, उत्तर तरी सांगा, मग करतो,” तर म्हणतो, “उत्तर सांगितलं तर तू ते गणित करणारच नाहीस. नुसती बेरीज जुळवशील.” मोठ्याने बोलायची सवय नाही. एक्केचाळिशीचा, किरकोळ अंगाचा, इस्त्रीचा शर्ट घालणारा आणि जीपमध्ये कायम मधल्या सीटवर दाबून बसवला जाणारा माणूस.

त्याचे हे तीन मित्र लोणखेड्याच्या कॉलेजातले. हेमकांत म्हणजे केळी-पपईचं रान, कृषी सेवा केंद्र आणि पांढरी गाडी. योगेंद्र शहाद्याला सरकारी नोकरीत. भावेशचं बस स्टँडजवळ मोबाइलचं दुकान. जुना मोबाइल पुसून-बिसून, प्लास्टिकात गुंडाळून असा ठेवतो, की गिऱ्हाइकाला कारखान्यातून थेट आल्यासारखा वाटावा. मगन तेव्हा होस्टेलला राहायचा. तिघांची जर्नलं तो लिहून द्यायचा आणि हेमकांतची आई त्याला डबा पाठवायची. त्या डब्यातल्या शेवेच्या भाजीची चव मगनच्या जिभेवर वीस वर्षं राहिली आणि ती जर्नलं बाकीचे तिघं वर्षाच्या आतच विसरले. मैत्रीचा हिशोब असा पहिल्यापासूनच तिरका होता. पण मगनने तो कधी मांडला नाही.

तो त्यांच्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचा. घरी पावरी, शाळेत मराठी. अहिराणी त्याला कळायची पण तोंडात बसली नव्हती. “आल्या बातम्या,” हेमकांत म्हणायचा. “बोला मगनसर, आज हवामान काय म्हणते?” हे वीस वर्षं चाललेलं. मगन दर वेळी हसायचा आणि दर वेळी अर्धा सेकंद उशिरा.

भिशी सुरू केली हेमकांतनेच. नवे गेम महाग, एकट्याने घ्यायचे कशाला? चौघांनी महिन्याला थोडं थोडं टाकायचं, दसऱ्याला चिठ्ठी काढायची. ज्याचा नंबर लागेल त्याने त्या वर्षीचा गेम निवडायचा. डिस्क पहिल्यांदा त्याच्या घरी, मग बाकीच्यांकडे फिरेल. एकदा नंबर लागला की त्याची चिठ्ठी बाद. पहिल्या वर्षी हेमकांतचा लागला, त्याने क्रिकेट घेतलं. दुसऱ्या वर्षी योगेंद्रने झाकणावर बंदूकवाला माणूस बघून ‘सॉल्ट रोड’ उचलला आणि बंदूक फार चालत नाही म्हणून शिव्या घालत का होईना, पण संपवला. तिसऱ्या वर्षी भावेशने त्याचाच दुसरा भाग आणला. प्रत्येक वेळी फिरण्यात शेवटचं गाव धडगाव. घाट लांब, जाणारं-येणारं कुणी मिळत नाही, ही कारणं. मिळायला जीप रोज दहा निघतात.

मगनकडचं गेमचं मशीनही हेमकांतचंच जुनं. नवं घेतलं तेव्हा जुनं त्याने मगनला दिलं. दिलं म्हणजे विकलं, पण बोलताना ‘दिलं’ म्हणायचा.

आणि मगनला वेड लागलं ते त्या ‘सॉल्ट रोड’चं. गोष्ट साधी आहे. समुद्र आटून गेलेला एक मुलूख, जिकडे बघावं तिकडे मीठ. टोमास नावाचा माणूस आपल्या हरवलेल्या बहिणीला शोधत चाललाय. बहिणीचं नाव इना. ती दिसत नाही. फक्त त्याच्या पाठीवरच्या रेडिओवर तिचा आवाज येतो. इकडे वळ, तिकडे पाणी आहे, तिथे जाऊ नकोस. दोन भाग संपले तरी बहीण सापडलेली नाही.

मगनची बायको ममता ग्रामीण रुग्णालयात परिचारिका. सुरुवातीला तिला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. “मुलगी नंदुरबारला होस्टेलवर अभ्यास करते आणि बाप इथे बटणं दाबतो,” हे तिचं बोलणं ठरलेलं. पण एका रविवारी लसूण सोलत बसली असताना तिने पडद्यावर ते पांढरं मैदान पाहिलं आणि हात थांबला.

“हे कुठलं?”

“खोटं आहे. बनवलेलं.”

“तिकडे असंच असेल का हो?”

तिकडे म्हणजे सौराष्ट्रात. ममताचा धाकटा भाऊ अजित अकरा वर्षांपूर्वी टोळीबरोबर मिठागरावर कामाला गेला. पहिली दोन वर्षं फोन यायचे. मग येईनासे झाले. टोळीतले लोक म्हणाले, तो दुसरीकडे गेला. कुठे, ते कुणाला माहीत नाही. ममताच्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर अजून आहे आणि राखीपौर्णिमेला ती तो लावून पाहते.

त्या दिवसापासून ती लसूण घेऊन, तांदूळ घेऊन, काही ना काही निवडायला घेऊन मगनच्या शेजारी बसू लागली. इंग्रजी वाक्यं मगन तिला पावरीत सांगायचा. डॉक्टर गद्दार आहे हे मगनला ठाऊक होतं, तिला नव्हतं. ती ओरडली तेव्हा मगनने आपणही दचकल्यासारखं केलं. कुत्रं मेलं तेव्हा ती दोन दिवस गप्प होती. मगनला वाटलं, असं दचकायला मिळणं हीच तर चीज आहे, आणि ती आपल्याला एकदाही मिळाली नाही.

यंदा चिठ्ठ्यांच्या वाटीत एकच नाव उरलं होतं. मगनचं.

आणि यंदाच कंपन्यांनी कहर केला. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतच्या पाच आठवड्यांत सहा मोठे गेम येणार होते. त्यात ‘सॉल्ट रोड’चा तिसरा आणि शेवटचा भाग.

दुसऱ्या कुणी डोळे मिटून तोच घेतला असता. मगनने शाळेची जुनी टाचणवही काढली. एका पानाला एक गेम. ‘आपल्या जुन्या मशीनवर चालेल का?’ ‘डिस्क टाकल्यावर थेट चालतो, की आधी नेटवरून काही उतरवावं लागतं?’ धडगावात ऐंशी जीबी उतरवायचं म्हणजे आठवडा जातो आणि मधे लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा. मग हेमकांतसाठी रकाना, योगेंद्रसाठी रकाना, भावेशसाठी रकाना. क्रिकेटचा नवा गेम हेमकांतला आवडेल, पण गेल्या वेळचाच खेळाडूंचे शर्ट बदलून आणलाय. गाड्यांचा भावेशला आवडेल, पण जुन्या मशीनवर येणारच नाही. योगेंद्रला लढाईचा हवा. तो सगळाच्या सगळा नेटवर, धडगावात चालणं शक्य नाही. तलवारीचा एक, शंभर तासांचा. सहामाहीचे पेपर कधी तपासायचे? भुतांचा एक होता, तो कंपनीनेच फेब्रुवारीवर ढकलला. मगनने त्या पानावर लाल शाईने काट मारली आणि त्याला उगाच हायसं वाटलं. सहाचे पाच झाले.

ममता वहीत डोकावली. “तुमचाच नंबर आहे ना? मग तिघांचे रकाने कशाला?”

“डिस्क त्यांच्याकडेही जाणार ना. त्यांनाही खेळता यायला हवी.”

“त्यांनी तुमचा रकाना पाडला होता कधी?”

मगनने पेनाचं टोपण लावलं. पण पुढचे काही आठवडे तो वही घेऊन बसलाच. गेम बाहेर पडले की लोक काय म्हणतात ते शाळेच्या टाकीवर चढून बघायचा, तिथे रेंज चांगली. ‘सॉल्ट रोड’बद्दल वाचताना मात्र तो एक डोळा मिटून वाचायचा. ‘शेवट’ हा शब्द दिसला की पटकन मोबाइल पालथा. अखेर त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘मित्रांनो, पूर्ण विचारांती सॉल्ट रोड भाग तीन. तुमची हरकत नसेल तर.’

नंबर ज्याचा, त्याने हरकत विचारायची! हेमकांतने लिहिलं, ‘मगनसरांच्या बातम्या संपल्या.’

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ग्रुपवर फोटो आला. योगेंद्र पलंगावर, उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये, चेहरा उतरलेला. मागोमाग हेमकांतचा फोन.

“मगन, योग्याचं बघितलंस का? गाडीवरून पडला. तीन महिने पलंग.”

“अरे देवा. मी येतो.”

“तू कुठे येतोस एवढ्या लांबून. एक सांगू का? नंबर तुझा, आम्ही काही म्हणत नाही. पण तो पडल्या पडल्या येडा होईल रे. त्याला तो लढाईचा पाहिजे. अडचण म्हणून सांगतोय. नाही म्हणालास तरी राग नाही.”

अडचण. आपल्याकडे भिशी पैशाची असो की भांड्यांची, हा शब्द निघाला की नंबरवाला बोलत नाही. कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाचं माणूस दवाखान्यात असतं. ज्याला अडचण, त्याला आधी. कागदावर कुठे लिहिलेलं नसतं, पण जो हे मोडतो त्याला पुढच्या भिशीत कुणी घेत नाही. ममतानेच दोन वर्षांपूर्वी बायकांच्या भिशीतला आपला नंबर शेजारच्या धनुबाईच्या बाळंतपणाला दिला होता.

ममताला सांगितलं. “अडचण म्हटल्यावर काय बोलायचं,” म्हणाली. मग थोड्या वेळाने, भांडी घासताना, पाठमोरीच, “म्हणजे बहीण सापडते की नाही, ते आता पुढच्या दिवाळीला.”

लढाईचा गेम मगनच्या घरी चालणारच नव्हता. म्हणजे या वर्षी त्याच्या वाट्याला काहीच नाही. त्याने टाचणवही कपाटावर ठेवली आणि ग्रुपवर लिहिलं, ‘योगेंद्र, लवकर बरा हो. माझा नंबर तुझा.’ खाली तीन अंगठे.

महिना गेला. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी मगनला राहवलं नाही. ममताने आमचुराचा डबा भरून दिला, डोंगरातला मध एका बाटलीत दिला. “हाड जुळायला चांगला असतो, सांगा त्यांना.” सकाळच्या जीपमध्ये मधल्या सीटवर बसून, घाटातली सगळी वळणं मांडीवरची बाटली सांभाळत तो उतरला.

योगेंद्रच्या घरी दार उघडलं ते चेतनाने, त्याच्या बायकोने. मगनने डबा पुढे केला. “वहिनी, कसा आहे आता पाय?”

“पाय?” चेतना म्हणाली. “कोना पाय?”

“योगेंद्रचा. फ्रॅक्चर.”

“अहो भाऊ, ते तर दोन वर्षांपूर्वीचं.” ती मगनशी मराठीत बोलायची, घाईत अहिराणीवर जायची. “आते काय व्हयनं त्यास्ले? सकाळीच गाडी काढून हेमकांतभाऊंच्या वावरमा गयात. भरीत पार्टी शे ना आज.” मग तिचं लक्ष मगनच्या हातातल्या बाटलीकडे गेलं आणि चेहरा बदलला. “तुम्हाला कोणी काय सांगितलं?”

मगन म्हणाला, “काही नाही. माझीच काहीतरी चूक झाली.”

दोन वर्षांपूर्वी योगेंद्रचा पाय खरोखर मोडला होता. ते मगनला कुणी कळवलं नव्हतं.

खरं तर तिथूनच परत फिरायचं. पण मगन रिक्षा करून मळ्यात गेला. का गेला, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. बहुतेक डबा आणि बाटली हातात होती म्हणून.

तुरीच्या काड्यांवर वांगी भाजण्याचा वास बांधावरच आला. केळीच्या खालच्या मोकळ्या जागेत सतरंजी, मधे परात, तिघं बसलेले. योगेंद्र उकिडवा बसून मुसळीने भरीत ठेचत होता, दोन्ही पायांवर.

सगळ्यांत आधी हेमकांतने पाहिलं. “हाऊ देख! ऊना!” आणि तो मागे रेलून हसायला लागला. “ऊना रे, खरंच आला हा!”

भावेशने कपाळावर हात मारला. “बाटली पण आणेल शे! काय आणलं रे, तेल? योग्या, पाय पुढे कर, मगनसर मालिश करतील.”

योगेंद्रने मुसळी ठेवली, उजवा पाय लांब केला आणि “आई गं,” म्हणून विव्हळला. पुन्हा सगळे हसले. मगनही हसला, अर्धा सेकंद उशिरा.

“मी बोलनू व्हतू ना,” हेमकांत दोघांना म्हणाला, “अडचण म्हण, देई टाकी. हा भावेश म्हणे, फोटोत मागे त्या सालचं कॅलेंडर आहे, गणिताचा माणूस, ओळखेल.”

“ओळखायला पाहिजे होतं,” भावेश म्हणाला. “मी पैज हरलो याच्यापायी.”

“बठ रे, बठ, जेवी ले,” योगेंद्रने त्याला हाताला धरून खाली ओढलं. “रागावला काय? मजाक रे. मित्रांत मजाक नाही करणार तर कोणात करणार?”

केळीच्या पानावर भरीत आलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आली, वर कांद्याची पात. मगन जेवला. भरीत चांगलं झालं होतं, तिखट, शेंगदाणे घातलेलं. डोळ्यांत पाणी यायला तेवढं कारण पुरे होतं. मधाची बाटली मधोमध ठेवली होती. भावेशने झाकण उघडून बोट घातलं, चाटलं आणि म्हणाला, “ओरिजिनल शे.”

जेवण झाल्यावर हेमकांत गाडीकडे गेला आणि येताना हात पाठीमागे लपवून आला. “आम्ही काय राक्षस शेतस का रे मगन? डोळे मीट.”

मगनने मिटले नाहीत. हेमकांतने त्याच्या मांडीवर डबी टाकली. ‘सॉल्ट रोड’, भाग तिसरा. प्लास्टिक जसंच्या तसं, ताणून बसलेलं, कडेला एक सुरकुती नाही.

“दोन्ही मागवले होते. तुन्हा गेम तुले. आधी तुझ्या घरी जाणार, मग आमच्याकडे. झालं समाधान?”

एक्केचाळीस वर्षांच्या त्या माणसाने ती डबी दोन्ही हातांत धरली. प्लास्टिकवर अंगठा फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला न उघडलेली डबी मिळाली होती. महिनाभराचं, वीस वर्षांचं, सगळं त्याने त्या क्षणी सोडून दिलं. एवढं स्वस्त पडलं ते. “थँक्यू,” म्हणाला. मग त्याला वाटलं हे थोडं कोरडं झालं, म्हणून पुन्हा म्हणाला, “खरंच, थँक्यू.”

त्यांनी त्याला गाडीने शहाद्याला जीपपर्यंत सोडलं. ड्रायव्हर धडगाव, धडगाव ओरडत होता. मगनला या वेळी खिडकी मिळाली. ममताला फोन करावा की घरी जाऊन एकदम डबीच समोर धरावी, या विचारात तो होता. जीप सुरू झाली तसा योगेंद्र पळत आला, दोन्ही पायांनी, खिडकीला लटकला.

“मगन, एक राहिलंच.”

“काय?”

“ती बहीण जित्तीच नही. पहिला भागमाच मरेल शे. रेडिओवर तो एकलाच बोलस, येडा.” त्याने मगनच्या गालावर हलकी चापट मारली. “जाय आते, मजामा खेय!”

मागे हेमकांत आणि भावेश गाडीच्या बॉनेटला टेकून वाट पाहत होते, मगनचा चेहरा कसा होतो ते बघायला. जीप वळली आणि तो त्यांना नीट दिसला नाही, एवढंच काय ते.

घाटात मगनने आकडेमोड करून पाहिली. कदाचित योगेंद्रने थाप मारली असेल; पाय खोटा, तसा हा शेवटही. मग त्याने पहिल्या भागातले प्रसंग एकेक आठवले. इनाला टोमासशिवाय कुणी उत्तर दिल्याचं एकदाही आठवेना. डॉक्टरने तर एकदा रेडिओकडे बघून मान फिरवली होती. सगळं बरोबर बसत होतं. गणित सुटलं होतं.

घरी ममताने डबी पाहिली आणि ती मुलीसारखी उडीच मारायची राहिली. “दिला त्यांनी? आणि पाय?”

“बरा आहे,” मगन म्हणाला.

“मग उघडा ना!”

त्याने नखाने प्लास्टिक फाडलं. डिस्क काढली आणि उजेडाकडे धरल्यावर त्याला तिच्या चकचकीत बाजूवर अंगठ्याचा ठसा दिसला. पिवळसर, तेलकट. हळदीचा. भावेशच्या दुकानातलं गुंडाळायचं मशीन त्याला आठवलं. ममता बघायच्या आत त्याने शर्टाच्या टोकाने ठसा पुसला, आतून बाहेर, सरळ रेषेत, डिस्क पुसायची असते तसा.

मग पंधरा दिवस ते दोघं खेळले. शाळा आणि दवाखाना सुटल्यावर एखादा तास, रविवारी दुपारभर. टोमास चालत होता, इना बोलत होती आणि ममता शेजारी बसून अंदाज बांधत होती. “बघा तुम्ही, ती त्या दीपस्तंभातच असणार.” “पायाला लागलं असेल तिच्या, म्हणून येत नाही.” “इतकी वर्षं झाली म्हणजे गेलीच, असं कुठे असतं? माणसाला कळवता येत नाही कधी कधी.” मगन म्हणे, “बघू.” एवढा एकच शब्द तो पंधरा दिवस वापरत होता. मुलांना उत्तर न सांगताना तो असंच म्हणे; पण तेव्हा आवाज असा खरखरत नसे. ममताने एका संध्याकाळी सहज मोबाइल काढून अजितचा नंबर लावला. राखीपौर्णिमा नव्हती, काही नव्हतं. बंद होता. तरी ती हसून म्हणाली, “लावून बघायला काय जातं?”

रविवार होता. टोमास दीपस्तंभाच्या पायऱ्या चढायला लागला होता. ममताने तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवलं आणि पाय जवळ घेतले.

“काही म्हणा,” ती म्हणाली, “तुमचे मित्र मनाने चांगले आहेत. मी उगाच बोलत होते. नंबर देऊनही त्यांनी तुमच्यासाठी मागवलाच ना? एवढं कोण करतं?”

मगनने बटण सोडलं. टोमास पायरीवर थांबला.

“ती जिवंत नाही,” मगन म्हणाला. “पहिल्या भागातच मेली. रेडिओवर तो एकटाच बोलतो. वेडा आहे.”

आणि बोलून झाल्यावर त्याच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं. योगेंद्रचं हसणं. कुठून आलं, त्याला कळलं नाही, पण ते निघालं आणि ममताने ऐकलं.

ती पडद्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, “कधी कळलं तुम्हाला?”

“पहिल्या दिवशी. जीपमध्ये.”

“पंधरा दिवस?”

मगनने होकारार्थी मान हलवली.

“आणि मला बोलू देत होता?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी नंबर लावला, तेव्हाही समोर बसला होता.”

तिने सूप उचललं. निवडलेले तांदूळ आणि खडे एकत्र झाले होते, ते तिने तसेच डब्यात ओतले, झाकण लावलं आणि पदर खोचून मोरीकडे गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. भांडी घासायला नव्हती. दुपारचीच घासून झाली होती.

पडद्यावर रेडिओ खरखरला. या गेममध्ये इनाने विचारलं की बटण दाबून उत्तर द्यावं लागतं. नाही दाबलं तर ती थोड्या वेळाने पुन्हा विचारते. टोमास, ऐकतोयस ना? मगनचा अंगठा बटणावर होता. टोमास, ऐकतोयस ना? आत नळ वाहत होता. ती विचारतच राहिली.